सनद, शिवी आणि सिद्धान्त

राज्याला देह असतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. देशाला आपण माता म्हणतो, सैन्याला बाहू म्हणतो, फितुरीला कीड म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रशियाच्या झारने तुर्की साम्राज्याला 'आजारी माणूस' म्हटले आणि पुढची साठ-सत्तर वर्षे युरोपातले मुत्सद्दी त्या आजाऱ्याच्या मालमत्तेच्या वाटणीचाच विचार करीत राहिले. १९०७ साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले, तेव्हा सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते समजले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. रूपकाची राजकारणातली ताकद मराठी माणसाला तेव्हापासून चांगली ठाऊक आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका रूपकाचा आहे. राष्ट्र दुबळे झाले, कचरले, कोणाच्या दबावाखाली आले की त्याला हिजड्याची उपमा द्यायची, ही रीत आपल्या सभांतून, अग्रलेखांतून आणि घरच्या बैठकीतून सर्रास चालते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या विद्वानांनी या रीतीची चिकित्सा केली, ती उपयोगी आहे. पण त्याच विद्वानांपैकी काहींनी पुढे ट्रान्सजेंडर माणसाचे आयुष्य स्वतःच्या सिद्धान्तासाठी रूपक म्हणून वापरायला सुरुवात केली. शिवीतले रूपक आणि सिद्धान्तातले रूपक यांत हेतूचा फरक मोठा आहे. दोन्हीकडे ज्याच्या देहावर ते रचले जाते तो माणूस मात्र बोलत नाही. तो आपल्या इतिहासात कोठे कोठे होता, त्याच्याजवळ कोणते कागद होते आणि ते कोणी रद्द केले, हे पाहिल्याशिवाय या रूपकाची किंमत कळणार नाही.

आरंभी शब्दांविषयी थोडे स्पष्ट केले पाहिजे. जुन्या कागदांतला 'खोजा' किंवा 'ख्वाजासरा' हा बहुधा लहानपणी खच्ची करून राजवाड्याच्या चाकरीत घातलेला गुलाम असे. पुढे तो मोठा अंमलदारही होई. 'हिजडा' म्हणजे गुरु-चेल्याची परंपरा असलेल्या समाजातली व्यक्ती. 'ट्रान्सजेंडर' हा शब्द अलीकडचा. जन्माच्या वेळी नोंदले गेलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही अशा सर्वांना तो कवेत घेतो. मराठीत 'तृतीयपंथी', 'पारलिंगी' असे शब्द रुळत आहेत आणि आपल्याकडे मध्य प्रदेशात 'किन्नर' चालतो. ही सगळी माणसे एक नव्हेत. रूपकाची पहिली चूक हीच की ते या सर्वांना एका गाठोड्यात बांधते आणि वर 'दुर्बळ' अशी चिठ्ठी लावते.

आता १९९८ च्या मे महिन्याकडे वळू. ११ आणि १३ मे रोजी पोखरण येथे पाच अणुस्फोट झाले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आपल्या ग्वाल्हेरचे; शिंदे की छावनीत वाढलेले आणि इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले. त्या आठवड्यात लष्करच्या बाड्यावर कसा जल्लोष झाला ते अनेकांना आठवत असेल. मुंबईहून बाळासाहेब ठाकरे यांची प्रतिक्रिया आली. आपण हिजडे नाही हे सिद्ध करून दाखवणे भाग होते, असा तिचा आशय. आपल्याकडे हे वाक्य दोन दिवसांत विरून गेले. सभेत अशी वाक्ये ऐकायची आपल्याला सवयच होती.

परदेशी अभ्यासकांनी मात्र ते उचलले. कॅरोल कोन या अमेरिकन विदुषीने १९८७ साली 'साइन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. अमेरिकेतल्या संरक्षणतज्ज्ञांमध्ये काही काळ राहून, अण्वस्त्रांविषयी बोलताना ही गंभीर मंडळी पुरुषार्थाची आणि संभोगाची भाषा किती सहज वापरतात हे तिने दाखवले होते. २००५ साली हान्स ब्लिक्स यांच्या अध्यक्षतेखाली सर्वसंहारक शस्त्रांविषयी एक आंतरराष्ट्रीय आयोग काम करीत होता. त्याच्यासाठी कोन, फेलिसिटी हिल आणि सारा रडिक यांनी टिपण केले, त्यात मुंबईचे हे वाक्य उदाहरण म्हणून आले. तेथून ते अनेक पुस्तकांत गेले. मराठी राजकारणातल्या एका उद्गाराला जगाच्या विद्यापीठांत इतके वाचक क्वचितच मिळाले असतील.

या अभ्यासकांचा मुद्दा बरोबर होता. शस्त्र आणि पौरुष यांची अशी गाठ मारली की शस्त्रसंन्यासाची गोष्ट काढणाराच नामर्द ठरतो आणि विचार करायला जागाच उरत नाही. पण त्यांचे विवेचन वाचताना एक गोष्ट खटकते. वाक्यात पुरुष आहे, त्याचा अहंकार आहे, बाँब आहे. चर्चाही याच तिघांची होते. हिजडा वाक्यातही मोजपट्टी म्हणून आला आणि चिकित्सेतही मोजपट्टीच राहिला. ज्याच्यासारखे आपण नाही हे सांगण्यासाठी एवढा स्फोट लागला, तो त्या वेळी कोठे होता, त्याला मताचा हक्क कोणत्या नावाने होता, हे कोणीच विचारले नाही.

त्याच आठवड्यातली दुसरी एक घटना सांगतो. पोखरणच्या दोन दिवस आधी, ९ मे १९९८ रोजी, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम येथे युरोव्हिजन ही गाण्याची मोठी स्पर्धा झाली. ती इस्रायलच्या डाना इंटरनॅशनल या गायिकेने जिंकली. ही ट्रान्सजेंडर स्त्री येमेनी ज्यू घराण्यातली. इस्रायलमध्ये कट्टर धर्मपक्षाने तिच्या निवडीलाच विरोध केला होता. विजयानंतर ती अनेकांच्या लेखी उदारमतवादी इस्रायलचे प्रतीक झाली आणि पुढे विद्वानांनी तिच्या निमित्ताने राष्ट्र, धर्म, पूर्व आणि पश्चिम यांविषयी पुष्कळ लिहिले. म्हणजे एका आठवड्यात जगाच्या एका टोकाला हिजडा हे राष्ट्राच्या दुर्बलतेचे रूपक होते आणि दुसऱ्या टोकाला एक पारलिंगी गायिका राष्ट्राच्या आधुनिकतेचे रूपक झाली होती. एकीकडे तिरस्कार होता, दुसरीकडे कौतुक. दोन्हीकडे देह एकाचा आणि अर्थ दुसऱ्याचा.

हे रूपक मुळात आपले नाही असे कोणी म्हणेल. ते पूर्ण खरे नाही, पण त्यात तथ्य आहे. फ्रेंच विचारवंत मॉंतेस्क्यू याने १७२१ साली 'पर्शियन लेटर्स' लिहिले. त्यातला इराणी उमराव पॅरिसमध्ये स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो आणि इकडे त्याचा जनानखाना खोज्यांच्या पहाऱ्यात कोंडलेला असतो. पौर्वात्य जुलमी सत्तेचे चित्र युरोपच्या मनात पक्के करणाऱ्या पुस्तकांपैकी हे एक. पुढे कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने हिंदुस्थानी लोकांच्या बायकीपणावर लिहिले, आणि मेकॉलेने १८४० च्या सुमारास क्लाइव्ह व हेस्टिंग्ज यांच्यावरील निबंधांत बंगाली माणसाविषयी तोच शेरा अधिक ऐटबाज इंग्रजीत मारला. राज्य करायला आलेल्याला हे सोयीचे होते. बायकी ठरवलेल्या प्रजेला राखणदार लागतोच. त्या आरोपाला उत्तर देताना आपल्या अनेक पुढाऱ्यांनी तर्क तोच ठेवला आणि बोट फक्त दुसरीकडे वळवले. आम्ही तसे नाही, तसे ते आहेत. मंत्र्याला बांगड्यांचा आहेर पाठवण्याची चाल याच तर्काची. बांगड्या भरणाऱ्या हातांनी घर आणि शेत चालते याचा त्यात कोणाला विचारही शिवत नाही.

दुर्बलतेची ही खूण इतिहासाच्या कसोटीला मात्र उतरत नाही. आपल्याच शिंदे घराण्याच्या इतिहासातले दोन प्रसंग पाहू.

पहिला १७५२ सालचा. अहमदशहा अब्दालीने लाहोर घेतले होते. बादशहाने वजीर सफदरजंगाला मदतीला बोलावले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सफदरजंगाने मराठ्यांशी करार केला. मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांनी बादशाहीचे रक्षण करायचे आणि त्याबद्दल मराठ्यांना ५० लाख रुपये मिळायचे, असे ठरले. पण वजीर मराठी फौजेसह दिल्लीला पोचण्याआधीच तिकडे पंजाब अब्दालीला देऊन टाकण्यात आला होता. हा सल्ला होता जावेदखानाचा. जावेदखान ख्वाजासरा होता आणि त्या काळी दिल्ली दरबारची सूत्रे त्याच्या हाती होती. ऑगस्टमध्ये सफदरजंगाने त्याला आपल्या वाड्यावर बोलावून ठार करवले. ज्याला मारल्याशिवाय वजिराला चैन पडेना, तो दुर्बळ कसा? त्याचा निर्णय चुकीचा होता असे म्हणा, स्वार्थी होता असेही म्हणा. हे शब्द आपण कोणत्याही मुत्सद्द्याला लावतो, तसेच त्यालाही लावता येतील.

दुसरा प्रसंग १७८८ सालचा. रोहिला गुलाम कादिर दिल्लीच्या किल्ल्यात शिरला आणि १० ऑगस्टला त्याने शहाआलम बादशहाचे डोळे काढले. त्याला आत येऊ देण्यात किल्ल्याचा नाजर मंजूर अली याचा हात होता, आणि हा नाजरही ख्वाजासरा. महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेतली, गुलाम कादिर पकडला जाऊन मारला गेला आणि मंजूर अलीला हत्तीच्या पायी दिले. या नाजराविषयी कोणाला ममता वाटण्याचे कारण नाही. पण महादजींच्या सरकारने त्याला शिक्षा दिली ती विश्वासघाताची. त्याला कर्ता धरले, जबाबदार धरले. बायकी म्हणून हसून सोडून देण्याचा तो विषय नव्हता.

ख्वाजासरा हे दरबारचे लोक. गावातल्या हिजड्यांचे काय? इथे दख्खनच्या दप्तराकडे वळावे लागते. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ साली 'मॉडर्न एशियन स्टडीज' या नियतकालिकात मुंबई इलाख्याच्या कागदांवरून एक निबंध लिहिला. त्यातून दिसते की मराठी अमलात पुण्याकडच्या मुलखात काही हिजड्यांना सरकारकडून रोख नेमणुका होत्या, काहींकडे जमिनी होत्या आणि ठरावीक गावांतून भिक्षा मागण्याचा हक्क होता. त्यासाठी सनदा होत्या. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचे वतन जसे कागदावर टिकले, तसाच हा प्रकार. त्या समाजाला मान होता असे यावरून म्हणता येणार नाही. भिक्षेचा हक्क हा शेवटी भिक्षेचाच. पण राज्याच्या हिशेबात ते हक्कदार होते. त्यांच्या नावापुढे रक्कम लिहिली जात होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा मुंबई सरकारपुढे हा प्रश्न आला. हिजड्यांनी आपले जुने कागद दाखवले, अर्ज केले. सरकारने भिक्षेचा हक्क मानण्याचे नाकारले. अशा लोकांना राज्याने आधार देणे सुनीतीला धरून नाही, ही त्यामागची भूमिका. सनदेचे रूपांतर शिवीत होण्याची सुरुवात इथे कागदोपत्री दिसते. जो कालपर्यंत दप्तरात हक्कदार होता, तो आज दप्तराच्या दृष्टीने लाज झाला.

पुढची पायरी १८७१ सालच्या २७ व्या कायद्याची. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो आपल्याला माहीत असतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची नोंद पोलिसांनी ठेवायची होती. नोंदलेल्या माणसाने रस्त्यावर बायकी पोशाख केला किंवा चारचौघांत नाच-गाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मुलाचे पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. हे सारे वायव्य प्रांतात लागू होते, म्हणजे चंबळेपलीकडच्या आग्रा आणि इटावा जिल्ह्यांत. ग्वाल्हेर संस्थानचा मुलूख इंग्रजी कायद्याच्या बाहेर होता. नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती, आणि एका काठावर लुगडे नेसून रस्त्यावर येणे हा नोंदलेल्या माणसासाठी गुन्हा होता. गुरूचे चेल्याला मिळावे ही जी वाट दख्खनेत सनदेने मोकळी ठेवली होती, तीच मृत्युपत्राची आणि दत्तकाची बंदी घालून या कायद्याने बुजवली.

याच संदर्भात आपल्या लष्कराच्या आरंभकाळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांची छावणी कायमची पडली ती १८१० मध्ये. त्याआधी ती राजपुतान्यात फिरत होती आणि तिच्याबरोबर टॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अंमलदार होता. १८०९ सालची त्याची पत्रे पुढे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांत जोरावरसिंग नावाच्या शिपायाची हकीकत आहे. हा तरुण शिपाई शिंद्यांच्या कवायती पलटणीत दोन-तीन वर्षे चाकरीला होता. आपले जेवण आपण रांधी, आंघोळीला एकटा जाई. मग एके दिवशी कळले की हा देहाने स्त्री आहे. चौकशीत निघाले ते असे : भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता आणि त्याला सोडवायला लागणारा पैसा जमवण्यासाठी ही चाकरी धरली होती. छावणीत त्या शिपायाची कोणी थट्टा केली नाही. दौलतरावांनी आणि बायजाबाईंनी मायेने विचारपूस केली आणि भावाच्या सुटकेसाठी दरबारातून खटपट झाली.

आजचा उत्साही अभ्यासक या शिपायाला लगेच ट्रान्सजेंडर म्हणेल आणि जुन्या वळणाचा कथेकरी त्याला बहीणप्रेमाची मूर्ती म्हणेल. जोरावरसिंगाचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही, म्हणून दोन्ही नावे बाहेरूनच लावलेली ठरतात. मला महत्त्वाची वाटते ती छावणीची वागणूक. त्या शिपायाने चाकरी चोख केली होती, पगार घेतला होता, आणि गुपित फुटल्यावर त्याची अडचण काय आहे हे विचारले गेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या फिरत्या लष्कराला जे सुचले, ते आपल्या सिद्धान्तांना सुचायला हरकत नसावी.

आता त्या सिद्धान्तांकडे. गेल्या तीसेक वर्षांत आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात एक शाखा आली. राष्ट्राला 'तो' किंवा 'ती' असे ठरवून टाकण्याची सवय मोडावी, सार्वभौमत्व ही जन्मजात वस्तू नसून सतत वठवून दाखवावी लागणारी भूमिका आहे, असे ती सांगते. सिंथिया वेबर हे तिच्यातले ठळक नाव. १९९९ च्या पुस्तकात तिने अमेरिकेचे कॅरिबियन देशांशी वागणे पौरुष गमावण्याच्या भीतीच्या भाषेत वाचून दाखवले. २०१६ च्या 'क्वीअर इंटरनॅशनल रिलेशन्स'मध्ये तिने कोंचिता वुर्स्टचा विचार केला. हे दाढीवाले, स्त्रीवेषातले पात्र रंगमंचावर आणणारा ऑस्ट्रियाचा गायक २०१४ साली कोपनहेगनला युरोव्हिजन जिंकला. लगेच रशियाचे उपपंतप्रधान रोगोझिन यांनी टोला मारला की युरोपात जाऊ पाहणाऱ्यांनी आपले भवितव्य पाहून घ्यावे. युक्रेनवरून ताण होता तेव्हाची ही गोष्ट. वेबरने दाखवले की युरोप म्हणजे काय या भांडणात हे पात्र दोन्ही बाजूंनी कसे वापरले गेले. काम बारकाईचे आहे. पण कोंचिता हे पात्र आहे, रंगमंचावरून उतरल्यावर ते पुसता येते. पारलिंगी माणसाला सकाळी उठून रेशनच्या रांगेत उभे राहायचे असते.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. कॅनडातल्या विव्हिएन नामास्ते यांनी २००० साली 'इनव्हिजिबल लाइव्ज' या पुस्तकात, विद्यापीठांतल्या सिद्धान्तकारांना पारलिंगी माणसे लिंगभेदाच्या कोड्याचे उदाहरण म्हणून हवी असतात, पण त्यांच्या नोकरीचा, दवाखान्याचा, ओळखपत्राचा प्रश्न आला की ती दिसेनाशी होतात, अशा आशयाची तक्रार केली होती. सीमा ओलांडणारा देह हे अलीकडे फार आवडते रूपक झाले आहे. राष्ट्रांच्या सीमाही अशाच ओलांडता येतील अशी त्यामागची आशा. प्रत्यक्ष सीमेवर काय होते पाहा. पासपोर्टवर एक अक्षर, समोर उभा चेहरा दुसरा, आणि झडती पुरुष शिपायाने घ्यायची की स्त्री शिपायाने यावर कुजबुज. ज्याच्या नावाने सीमा ओलांडण्याचे तत्त्वज्ञान लिहिले जाते, त्यालाच सीमेवर सर्वांत जास्त वेळ उभे राहावे लागते.

आपल्या मध्य प्रदेशानेही या रूपकाची परीक्षा घेतली आहे. १९९८ साली निवडून आलेल्या विधानसभेच्या कारकिर्दीत शहडोल जिल्ह्यातल्या सोहागपूरहून शबनम मौसी आमदार झाल्या. देशातल्या त्या पहिल्या किन्नर आमदार. त्याच सुमारास कमला जान कटनीच्या महापौर झाल्या. वर्तमानपत्रांनी या निवडी बहुतेक उपमेसारख्या वाचल्या : पुढाऱ्यांना कंटाळलेल्या जनतेने केलेली थट्टा. थट्टा असेलही. पण थट्टेने निवडून आलेल्यालाही दुसऱ्या दिवशी पाणी, रस्ते आणि दिवाबत्तीची कामे करावीच लागतात. कमला जान यांची निवड तर न्यायालयात रद्द झाली. पद स्त्रियांसाठी राखीव होते आणि कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष ठरल्या. सभेतल्या भाषेने ज्याला पुरुष मानायचे नाकारले, त्याला न्यायालयाने स्त्री मानायचे नाकारले. दोघांच्या मध्ये कटनीचे मतदार आणि त्यांचा महापौर उभे राहिले.

हा पेच सुटायला वेळ लागला. २००९ साली निवडणूक आयोगाने मतदारयादीत 'इतर' असा रकाना दिला. १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या पीठाने तृतीयपंथी ओळख मान्य केली. त्या निकालपत्रात महाभारताचा, मोगल दरबाराचा आणि १८७१ च्या कायद्याचा उल्लेख आहे, म्हणजे इतिहास तेथे पुरावा म्हणून उभा राहिला. २०१९ साली संसदेने कायदा केला. तो पुरेसा नाही असे त्या समाजातल्याच अनेकांचे म्हणणे आहे. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या सदरात देशात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१ आणि मध्य प्रदेशात २९,५९७. रूपकाला आकडा नसतो. या माणसांना आहे.

मग बोलायचे कसे? उपमा बंद करा असे साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. महाभारताकडे पाहा. विराटाच्या घरी बृहन्नडा राजकन्येला नाच शिकवते, आणि गायींचे अपहरण होते तेव्हा घाबरलेल्या उत्तराचे सारथ्यही तीच करते. कथेत बृहन्नडेला काम आहे, विद्या आहे, बोलणे आहे. आपल्या राजकारणी भाषेने त्यातले फक्त वेषांतर उचलले आणि शिवी बनवली. कोणत्याही उपमेला लावून पाहावा असा साधा प्रश्न हा की जिच्यावरून उपमा घेतली ती व्यक्ती या खोलीत बसली असती तर हे वाक्य आपण असेच बोललो असतो का. तिच्याकडून आपल्याला काही कळले आहे का, की फक्त आपल्या भीतीला नाव मिळाले आहे?

मराठीत ती व्यक्ती आता खोलीत आलेली आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ साली मराठीत आले, आणि ज्या शब्दाची शिवी झाली तोच त्यांनी शीर्षकात उघडपणे घातला. गौरी सावंत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दिशा पिंकी शेख कविता लिहितात आणि राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या म्हणून बोलतात, म्हणजे ज्या राजकारणात त्या उपमा होत्या त्याच राजकारणात आता त्या वक्त्या आहेत. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांना पौरुष आणि अण्वस्त्रे यांविषयी लिहायचे असेल तर त्यांनी या मंडळींची पुस्तकेही वाचावीत. मुंबईचे एक वाक्य त्यांनी जगभर नेले, तर या आवाजांना तेवढा प्रवास घडवणे अवघड नाही.

आपल्यापुरते बोलायचे तर ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत बाळ जन्मले, लग्न झाले की दारात बधाईला टाळी वाजते. आपण नेग देतो, आशीर्वाद घेतो, दार लावतो. त्यांचा शब्द शुभ, असे आपल्या आज्या सांगत आल्या. तीच घरे संध्याकाळी बातम्या पाहताना एखाद्या पंतप्रधानाला त्यांच्याच नावाने हिणवतात. दोन्ही गोष्टी एकाच उंबऱ्याच्या आत चालतात. ज्यांचा आशीर्वाद आपल्याला चालतो, त्यांचे नाव शिवी म्हणून वापरू नये एवढे तरी त्या उंबऱ्याला शोभेल. पेशव्यांच्या कारकुनाने त्यांच्या नावापुढे हक्काची रक्कम लिहिली होती. आपल्याला निदान नाव नीट घेता यावे.